उपडा रेडिओ आणि टेबलावरचा फोम

जुना रेडिओ दुरुस्त करायचा म्हणजे आधी तो उपडा घालावा लागतो. ज्या अंगाने घरच्यांनी तो वर्षानुवर्षं पाहिला, ती काचेची डायल, स्पीकरवरचं कापड, नॉब, पॉलिशची चकाकी, ते सगळं टेबलाला टेकतं आणि आपलं काम सुरू होतं ते पाठीवरून. मागचा पुठ्ठा काढा, बुडाचे स्क्रू काढा, चेसिस, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात तो पत्र्याचा सांगाडा, बाहेर ओढा. मग चेसिसही उलटी करा, कारण वरच्या अंगाला व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओच्या काचेच्या नळ्या, आणि ट्रान्सफॉर्मर असले तरी दुखणं असतं खालच्या अंगाला, वायरी आणि कंडेन्सरच्या जंजाळात. म्हणजे कॅबिनेट तोंडावर आणि चेसिस डोक्यावर. दोघांचंही सगळ्यात नाजूक अंग खाली, आणि तिथे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही.

त्यामुळे खाली काय अंथरलंय, हा प्रश्न माझ्या लेखी सोल्डरिंग आयर्न कुठलं घ्यावं याच्याही आधीचा आहे. या छंदातली माणसं मीटर, ऑसिलोस्कोप, व्हॉल्व्हचे पर्यायी नंबर यांवर तासन्‌तास बोलतात. टेबलाच्या पृष्ठभागाबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

खाली जाणाऱ्या त्या तोंडाकडे आधी नीट पाहू. डायलच्या काचेवरची अक्षरं पुढून छापलेली नसतात, ती काचेच्या आतल्या बाजूला असतात. दिल्ली, सिलोन, लंडन, आणि त्यांच्या शेजारी १९, २५, ३१, ४१, ४९ हे मीटरचे आकडे. तो रंग पन्नास-साठ वर्षांत इतका सुकलेला असतो की ओल्या कापसाने पुसलं तरी अख्खं शहर बोळ्याबरोबर निघून येतं. पुढून काचेवर दाब आला, काच चौकटीत जराशी सरकली आणि मागच्या पत्र्याला घासली, की अक्षरांवर पहिला ओरखडा तिथेच उठतो. कॅबिनेट बेकेलाइटचं असेल तर त्याची वेगळी तऱ्हा. १९०७ साली लिओ बेकलँड यांनी शोधलेलं हे प्लॅस्टिक एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे कोपऱ्याचा टवका उडाला तर तो तापवून जोडता येत नाही. त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला असतो. वरची चकाकती साय घासली गेली की आतला भुसा उघडा पडतो आणि तो भाग कायमचा मातकट दिसतो. लाकडी कॅबिनेटला चपड्याचं फ्रेंच पॉलिश नाहीतर लॅकरचा फवारा. दोन्ही थर कागदासारखे पातळ.

माझं टेबल साधं आहे, प्लायवूडवर सनमायका. लिहायला-वाचायला उत्तम, दुरुस्तीला वाईट. टणक असल्याने ते कॅबिनेटच्या उंचवट्यांवर सगळं वजन एकवटतं. गुळगुळीत असल्याने उपडा ठेवलेला रेडिओ स्क्रू पिळताना फिरतो, आणि तो फिरणं म्हणजे तोंड घासणं. तिसरी गोष्ट आवाजाची. सनमायकावर स्क्रू पडला की टण्ण करून उडतो आणि कपाटाखाली जातो. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या रेडिओंत बीए मापाचे स्क्रू असतात, चार बीए, सहा बीए. आजच्या मिलिमीटरच्या मापाचा एकही स्क्रू त्या भोकात बसत नाही. हरवलेला सहा बीए शोधायला बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन लोखंडाच्या ढिगात बोटं घालायची, तेव्हा कळतं की पडलेला स्क्रू जागच्या जागी थांबणं ही किती मोठी सोय आहे.

पूर्वीचे रेडिओवाले काय करत? गोणपाट अंथरत, किंवा सतरंजीची घडी, किंवा जुनं ब्लँकेट. ज्यांच्या हाताखालून रोज रेडिओ जात, त्यांच्या हाताला अंदाज असे आणि गोणपाटावर भागत असे. घरगुती छंदिष्टांत टर्किश टॉवेल लोकप्रिय आहे. माझा त्याला विरोध आहे. टॉवेलच्या फाशांत सगळं अडकतं. कंडेन्सरचे कापलेले पाय, कथलाचे थेंब, पत्र्याचा कीस. झटकला तरी अर्धं आतच राहतं, आणि पुढच्या वेळी त्याच टॉवेलवर कुणाचं तरी पॉलिश केलेलं तोंड आपण विश्वासाने ठेवतो. टॉवेल मऊ लागतो तो हाताला. नखाएवढी तार त्यात उभी राहिली असेल तर कॅबिनेटसाठी तो पॉलिश पेपर आहे.

मग फोम. पुण्यात फोम हवा म्हटलं की पहिलं बोट सोफा-गादीवाल्यांकडे जातं. तिथे सगळं डेन्सिटीत बोललं जातं. बत्तीसची घ्या, चाळीसची घ्या. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यावरून तो किती टिकेल याचा अंदाज येतो, पण किती दबेल हे कळत नाही. एकाच डेन्सिटीचे दोन फोम, एक लिबलिबीत आणि एक ताठ, असू शकतात. शिवाय हा फोम पॉलियुरेथेनचा. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला पॉलियुरेथेनचा शेवट चांगला ठाऊक असतो, कारण तो आपण रोज मशिनांच्या पोटात पाहतो. स्पीकरच्या कडेची फोमची किनार बोट लावताच भुगा होते. टेपरेकॉर्डरच्या कॅसेटच्या दारामागचा स्पंज गुळासारखा चिकट होऊन पत्र्याला बसलेला असतो. हवेतल्या दमटपणाने या फोमची साखळी हळूहळू तुटत जाते, आणि आपल्याकडे दमटपणाला तोटा नाही. शिवाय याची छिद्रं एकमेकांना जोडलेली. सांडलेलं तेल, स्पिरिट, राळ सगळं आत पितो आणि मग ते परत देत राहतो. बैठकीला हा ठीक. टेबलावर नको.

बोहरी आळीत पॅकिंगच्या सामानात पांढरा ईपीई, म्हणजे पॉलिथिलीनचा, फोम रोलवर मिळतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तोच. स्वस्त, स्वच्छ, पाणी न पिणारा, आणि रसायनांच्या बाबतीत अगदी गरीब स्वभावाचा. संग्रहालयातले संवर्धक नाजूक वस्तू वर्षानुवर्षं ठेवायला पॉलिथिलीनचाच फोम वापरतात, फक्त त्यांचा दर्जा याहून वरचा असतो. पण पॅकिंगचा हा रोल एकदा दबला की दबलेलाच राहतो. ट्रान्सफॉर्मरचा कोपरा जिथे टेकला तिथे खळगा कायम. वर तो घसरतोही. योगा मॅट घसरत नाही, पण पुष्कळ योगा मॅट पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसीशी माझं वेगळं भांडण आहे, त्यावर पुढे येते. मुलांच्या खोलीत घालतात ते एकमेकांत अडकणारे रंगीत चौकोन ईव्हीएचे, म्हणजे चपलांच्या शीटला वापरतात त्या फोमचे. जात चांगली, पण वरची नक्षी खरबरीत आणि मधल्या सांध्यांत सगळा कचरा जाऊन बसतो.

या सगळ्यात मला नेमकं काय हवंय हे मात्र बाजारात फिरून उलगडत नव्हतं. मऊ हवं, एवढंच म्हणता येत होतं. किती मऊ, हे कुणी विचारत नव्हतं आणि मलाही सांगता आलं नसतं. थोडा हिशेब करून पाहिला. मध्यम आकाराची व्हॉल्व्हची चेसिस ट्रान्सफॉर्मरसकट पाच किलोच्या घरात जाते. उलटी केली की तिचं बरंचसं वजन ट्रान्सफॉर्मरच्या एका कडेवर येतं. ते एक चौरस सेंटिमीटरवर आलं तर दाब झाला चौरस सेंटिमीटरला पाच किलो. तीच कड फोममध्ये थोडी रुतली आणि आजूबाजूची पन्नास चौरस सेंटिमीटर जागा भाराला आली, तर दाब उरतो शंभर ग्रॅम. एवढा फरक पडतो. पण फोम फार मऊ असला तर कड रुतत रुतत थेट तळाच्या प्लायवूडला जाऊन टेकते. वर फोम दिसतो, प्रत्यक्षात वजन लाकडावरच. फार ताठ असला तर रुततच नाही, आणि फोम घालून न घातल्यासारखा. या दोन टोकांच्या मधली एक जागा शोधायची होती.

ती जागा आईच्या पायात होती.

आईला मधुमेह आहे, बरीच वर्षं. तळपायाची संवेदना कमी झाली तेव्हा डॉक्टरांनी एमसीआरची चप्पल लिहून दिली. मायक्रोसेल्युलर रबर. घरात ती चप्पल दारापाशी असते आणि मी ती रोज उचलून जागेवर ठेवते, पण एका संध्याकाळी ती हातात धरून अंगठ्याने दाबत बसले. आंबा दाबून पाहतो तशी. वरचा थर अंगठ्याखाली खोल गेला, पण बुडाला टेकला नाही. अंगठा उचलल्यावर घाई न करता वर आला. आणि त्याच्याखाली दुसरा थर होता, कडक, जवळजवळ न दबणारा. खडा, काटा, खिळा वर येऊ नये म्हणून.

“काय बघतेस एवढं?” आई म्हणाली.

“तुझी चप्पल किती मऊ आहे ते.”

“मला कुठे कळतंय ते? तूच सांग.”

तिने ते सहज म्हटलं, पण ही चप्पल जन्माला आली ती याच कारणाने. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांचा जन्मही तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, मिशनरी आईवडिलांच्या घरी. कुष्ठरोग्यांची बोटं आणि पाय झिजतात ते रोग मांस खातो म्हणून, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग नसा बधिर करतो आणि नासाडी होते ती त्यानंतरच्या रोजच्या साध्या इजांनी. तापलेलं भांडं, बुटातला खडा, आणि मुख्य म्हणजे चालताना एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारा दाब. निरोगी माणूस नकळत पाय बदलतो, लंगडतो, थांबतो. ज्याला दुखतच नाही तो त्याच जखमेवर मैलोन्‌मैल चालतो. तेव्हा जे काम वेदना करते ते पादत्राणाला करायला लावायचं, या विचाराने ब्रँड आणि त्यांचे सहकारी वेगवेगळे पदार्थ पारखत गेले आणि बारीक बंद छिद्रांच्या रबरापर्यंत पोचले. आज देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमात जी एमसीआर पादत्राणं वाटली जातात, मधुमेह्यांना जी लिहून देतात, ती याच घराण्यातली.

त्या रबराचा मऊपणा अंदाजाने ठरलेला नाही. शोअर नावाच्या मापाने तो मोजतात. स्प्रिंगची एक बोथट सुई पदार्थावर टेकवायची. पूर्ण आत गेली तर शून्य, अजिबात गेली नाही तर शंभर. गाडीच्या टायरचं रबर साठ-सत्तरच्या आसपास येतं. बधिर पायासाठीचं एमसीआर पंधरा ते वीस. याहून ताठ झालं तर दाब पसरत नाही, याहून मऊ झालं तर माणसाच्या वजनाखाली तळाला जाऊन टेकतं. माझ्या चेसिसचं दुखणं अगदी हेच होतं. उपड्या पडलेल्या रेडिओलाही सांगता येत नाही की माझ्या डायलवर भार येतोय, मला जरा कुशीवर करा. दाब कुठे येतोय हे कळण्याची सोय त्या वस्तूकडे नसेल, तर ती सोय अंथरुणातच असायला हवी.

एवढं कळल्यावर मी सोफावाल्यांचा नाद सोडला आणि रविवार पेठेत चपलांचं सामान मिळतं तिकडे गेले. अपर, बक्कल, टाचा, सोल्यूशनचे डबे, आणि भिंतीला उभ्या टेकवलेल्या मोठमोठ्या शीट. मुंबईकरांना याच कामासाठी ठक्कर बाप्पा कॉलनी सांगेन, तिथे चपला-बूट बनवणाऱ्यांची वस्तीच आहे. दुकानातल्या काकांना मी शीट दाखवा म्हटलं.

“कशाची चप्पल करताय ताई? जेन्टस्, लेडीज?”

“चप्पल नाही काका. टेबलावर अंथरायचंय. जड वस्तू उपडी ठेवायची असते, तिच्या तोंडाला लागू नये.”

त्यांना हे विचित्र वाटलं नाही. वजन किती, टोक आहे का, रोज ठेवणार का, असं त्यांनी एकेक विचारलं. फोम विकणाऱ्या कुणी मला पहिल्यांदाच हे प्रश्न विचारले. मग दोन शीट काढून त्यांनी काउंटरवर एकीवर एक ठेवल्या आणि वर वजनाच्या काट्याचं दोन किलोचं माप आडवं ठेवलं.

“नुसती मऊ न्याल तर बसून जाईल. खाली कडक द्या, वर मऊ. मऊ शीटला खालून आधार असला की ती बसत नाही.”

बसून जाईल. फोम विकत घेणाऱ्याने विचारायला हवा तो प्रश्न एवढाच आहे. किती दिवसांनी बसेल, आणि बसला तर उठेल का. काका हा हिशेब आयुष्यभर माणसांच्या वजनावर करत आले होते.

त्यांच्याकडे एमसीआरही होतं. तेच सरळ का नेऊ नये, असं वाटणं साहजिक आहे. इथे पाय आणि रेडिओ यांचे रस्ते वेगळे होतात. एमसीआर गंधक घालून पकवलेलं रबर असतं. गंधकाने चांदी काळी पडते, आणि जुन्या रेडिओंच्या बँड स्विचच्या पात्यांवर बऱ्याचदा चांदीचा मुलामा असतो. ती पाती आधीच काळवंडलेली असतात, त्यात भर कशाला. लॅकरच्या पॉलिशवर रबर ठेवलं तर कालांतराने तिथे डाग उठतो किंवा पॉलिश मऊ पडतं. गिटारवाल्यांना हे चांगलं माहीत आहे, रबराच्या स्टँडवर ठेवलेल्या जुन्या गिटारींच्या मानेवर असे डाग सापडतात. शिवाय पुष्कळशा काळ्या रबरात आणि काळ्या फोममध्ये कार्बन असतो, आणि कार्बन म्हणजे विजेला वाट.

हा मुद्दा जिवाचा आहे म्हणून इथे थांबते. व्हॉल्व्हच्या रेडिओंत दोन घराणी आहेत. एकात ट्रान्सफॉर्मर असतो, व्हॉल्व्हचे नंबर ईसीएच ८१, ईएल ८४ असे ‘ई’ने सुरू होतात, आणि चेसिस घरातल्या विजेपासून अलग असते. दुसऱ्यात खर्च आणि वजन वाचवण्यासाठी ट्रान्सफॉर्मरच नसतो. यूसीएच ४२, यूएल ४१ अशा ‘यू’च्या व्हॉल्व्हची फिलामेंटं एका माळेत जोडून थेट २३० व्होल्टवर चालवलेली असतात आणि चेसिसचा पत्रा विजेच्या एका तारेला सरळ जोडलेला असतो. प्लग उलटा बसला की अख्खी चेसिस जिवंत. अशा चेसिसखाली कार्बनचा काळा फोम कधीही नको. मोबाइल दुरुस्तीवाल्यांची स्थिर वीज वाहून नेणारी, अर्थिंगला जोडलेली मॅटही नको. त्यांचं काम वेगळं, आपलं वेगळं. मी असा रेडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच, म्हणजे त्याला घरातल्या विजेच्या तारांपासून अलग ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच, चालवते, आणि टेबलापाशी उभं राहण्याच्या जागी जमिनीवर आयएस १५६५२ या भारतीय मानकाची विद्युतरोधक मॅट आहे. सोसायटीच्या मीटरच्या खोलीत पॅनेलपुढे अंथरलेली असते ती. त्यातला पहिला वर्ग, दोन मिलिमीटर जाडीचा, ३.३ किलोव्होल्टपर्यंतच्या कामासाठी असतो. घरगुती टेबलाला तो पुष्कळ झाला.

म्हणून एमसीआर परत ठेवलं आणि त्याचं माप तेवढं घेतलं. पदार्थ ईव्हीएचा. चपलांच्या ईव्हीए शीट गंधकाऐवजी पेरॉक्साइडने पकवलेल्या असतात, त्यामुळे चांदीची भीती नाही. छिद्रं बंद, तेल-पाणी आत जात नाही. काकांकडच्या साठ्यातली वरची शीट अंगठ्याला आईच्या चपलेशी जुळणारी, दहा मिलिमीटरची. खालची बरीच ताठ, सहाची. रंग निवडताना काळा आणि लाल बाजूला ठेवून फिकट राखाडी घेतला. त्यावर तांब्याची तार, पितळी स्क्रू आणि काळा वॉशर तिन्ही चटकन दिसतात. पांढऱ्यावर कथलाचे थेंब दिसत नाहीत.

आता पीव्हीसीचं भांडण. माझ्याकडे एक ट्रान्झिस्टर रेडिओ आला होता, त्याच्या पाठीवर एक वळणदार खोल चर होता. कुणीतरी तापलेली सळई टेकवली असावी असं वाटत होतं. पण चराची रुंदी अगदी विजेच्या वायरीएवढी होती आणि तळाला वायरीच्या आवरणाची बारीक रेघही उमटली होती. त्याच्या मेन्स कॉर्डचं वेटोळं वर्षानुवर्षं त्याच्याच पाठीवर टेकून राहिलं होतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते लवचिक व्हावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घालतात. ती द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि पॉलिस्टायरीनला लागली की त्याला विरघळवत जातात. ट्रान्झिस्टरची बरीचशी कॅबिनेटं पॉलिस्टायरीनची. थर्मोकोलच्या पेटीत वायर गुंडाळून ठेवली असेल तर वायर थर्मोकोलमध्ये रुतलेली तुम्हीही पाहिली असेल, ते हेच. तेव्हा फोमवर रेक्झिन चढवून टेबल देखणं करायचा मोह होतो तो टाळावा. रेक्झिनचा वरचा थर बहुधा पीव्हीसीचाच. योगा मॅट मी नाकारली तीही याच कारणाने. एका दुपारच्या कामात काही बिघडणार नाही हे मान्य, पण दुरुस्ती एका दुपारची कधीच नसते. कंडेन्सर यायचा असतो, पाहुणे येतात, रेडिओ आठवडाभर तसाच पालथा राहतो. रात्रभर राहणार असेल तर मी ईव्हीएवरसुद्धा मध्ये धुतलेल्या मांजरपाटाचा तुकडा घालते. स्टार्च पूर्ण निघून गेलेला मांजरपाट. विणीत गाठ नाही, फासा नाही, धुऊन उन्हात टाकता येतो.

उष्णतेपुढे मात्र ईव्हीए टिकत नाही. साधं साठ-चाळीसचं कथील १९० अंशांच्या अलीकडे वितळतं, आयर्नचं टोक त्याहून कितीतरी तापलेलं, साडेतीनशेच्या आसपास. ईव्हीए शंभराच्या आतच नरम पडायला लागतं. कथलाचा एक थेंब पडला की त्यात टणक खळगा तयार होतो आणि थेंब तिथेच रुतून बसतो. बाजारात निळ्या रंगाच्या सिलिकॉन मॅट मिळतात त्या झाळकामाला चांगल्या, आयर्न क्षणभर टेकलं तरी काही होत नाही. पण त्या पातळ असतात, त्यांच्याने वजन पेलवत नाही. पुष्कळ लोक फोमवर सिलिकॉन पसरतात आणि एकाच जागी झाळतातही, कॅबिनेटही उपडं ठेवतात. मला हे पटत नाही.

माझं मत असं बनलंय की तोंड ठेवायची जागा आणि काम करायची जागा या दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांची सरमिसळ होता कामा नये. टेबलाच्या उजव्या अंगाला सनमायकावर सिलिकॉन मॅट. तिथे झाळणं, कापणं, कानशीने घासणं, सगळा कचरा. डाव्या अंगाला ईव्हीएची दुहेरी शीट. तिथे पक्कड नाही, आयर्न नाही, चहाचा कप नाही. रेडिओ आला की आधी हाताचा पंजा त्या शीटवरून सावकाश फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा तारेचा तुकडा तळहाताला लागतो. मग नॉब काढून ठेवायचे, आणि मगच रेडिओ पालथा करायचा. नॉब न काढता पालथा केला तर सगळा भार खुंट्यांवर येतो, आणि त्याला कुठलाही फोम पुरा पडत नाही.

उलट्या चेसिसची गोष्ट आणखी जरा वेगळी. व्हॉल्व्ह काढून ठेवले तरी स्टेशन लावताना फिरणारी गँग कंडेन्सरची पाती असतात, आयएफ कॉइलच्या डब्या असतात, डायलच्या दोरीची कप्पी असते. फोम कितीही योग्य निवडला तरी ती पाती फोमवर टेकवायची नाहीत, ती कागदाच्या अंतराने एकमेकांत फिरतात. एक जरी वाकलं तरी आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ डायलवर भलत्याच ठिकाणी लागेल, नाहीतर खरखर सुरू होईल. त्यासाठी उरलेल्या तुकड्यांचे मी ठोकळे केले. कडक शीटचे थर एकावर एक चिकटवून, वरचा शेवटचा थर मऊ. चेसिसच्या पत्र्याच्या चार कोपऱ्यांखाली हे चार ठोकळे दिले की सगळा भार पत्र्याच्या कडांवर जातो आणि नाजूक भाग अधांतरी राहतात. ठोकळ्यांची उंची ट्रान्सफॉर्मरच्या उंचीपेक्षा बोटभर जास्त ठेवायची. शीटला आणि टेबलाला मात्र कुठलंच सोल्यूशन लावलेलं नाही. दोन थर नुसते एकमेकांवर ठेवलेले आहेत आणि टेबलाच्या कडेला पातळ लाकडी पट्टी मारलेली आहे, म्हणजे शीट सरकत नाही आणि स्क्रू घरंगळून खाली जात नाही.

कापायचं झालं तर कात्री वापरू नये, कड तिरकी होते. स्टीलची पट्टी घट्ट दाबून धरावी आणि कटरचं नवं पातं अगदी हलक्या हाताने तीन-चार वेळा एकाच रेघेवरून न्यावं. एका दमात कापायला गेलं की फोम पात्यापुढे दबतो आणि पातं उचललं की कड आत ओढल्यासारखी होते.

शीट कितीही चांगली असली तरी ती कधी ना कधी बसणार आहे. आईची चप्पल तपासायची रीत मला तिच्या डॉक्टरांनी दाखवली होती. टाचेच्या आणि चवड्याच्या जागी बोटाने दाबून पाहा, खाली कडक लागलं की चप्पल बदला, वरून नवी दिसत असली तरी. टेबलाला मी तीच परीक्षा लावते. भार जिथे नेहमी येतो त्या जागी अंगठा दाबायचा, आणि मग शेजारच्या कधी न वापरलेल्या कोपऱ्यात. दोन्हीकडे सारखं लागलं तर ठीक. फरक लागला तर आधी शीट अर्धी फिरवून घ्यायची, म्हणजे ताजा भाग भाराखाली येतो. चारही बाजू वापरून झाल्या की वरची शीट बदलायची. खालची कडक शीट बरीच टिकते, ती बदलायची वेळ अजून आलेली नाही. काकांना फोन केला की ते त्याच जाडीची आणि त्याच मऊपणाची शीट बाजूला काढून ठेवतात. आणायला जाताना मी जुन्या शीटचा न बसलेल्या कोपऱ्यातला तुकडा बरोबर नेते आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवून दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबून बघते.